खिळ्यावर धरलेलं चित्र

अंजाक्का आमच्या स्टुडिओत भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसली होती. "बाई, आनी एकदा लावा," ती म्हणाली.

मी माऊस दाबला. एक मिनिट अकरा सेकंद. आधी शिव्या, मग काठ्यांचे फटके, मग एका माणसाचं "न्हाई मालक, म्या न्हाई मालक", मग नुसतं कण्हणं आणि शेवटी तेही नाही. अंजाक्का डोळे मिटून ऐकत होती. "न्हाई मालक" म्हणणारा माणूस तिचा नवरा होता, भैरू सरगर. बेदाण्याच्या शेडवर हमाली करायचा. नऊ दिवसांपूर्वी चोरीचा आळ घेऊन भरदुपारी त्याला तिथेच मारला होता. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला होता.

"अंजाक्का, जरा मान वळवून बघ की," फौजदार मुल्ला म्हणाले. "तिघं हायती त्यात. दोघं सापडल्यात. तिसऱ्याचं तोंड दिसंना झालंय. तुझ्या वळखीचा असंल."

"मला बघायचं न्हाई सायेब. मला ऐकू द्या निस्तं." मग तिने मला विचारलं, "बाई, ह्यात मधीच कर्र करतंय आनी मग धप् करतंय. काठीचा आवाज तसा नसतुया. चारदा झालं तसं. ते कशाचं वो?"

"शेडचा पत्रा असेल," मी म्हणाले. "वारं असतं तिकडे."

"पत्र्याचं न्हाई वाटत," ती हळूच म्हणाली. शिकलेल्या बाईशी वाद कसा घालायचा, म्हणून तिने पुढे ताणलं नसावं.

फौजदारांनी चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, खरं सांगायचं तर ह्या केसमदी माझ्याजवळ एवढंच हाय. डॉक्टर म्हंत्यात, डाव्या बरगड्या मोडून आत पांथरी फुटली, त्यानं मेला. आणि हे दोघं म्हंत्यात, आम्ही पायावर मारलं, ढुंगणावर मारलं, बरगडीवर न्हाई. म्हंजी तिसऱ्यानं. त्यो कोण, हे दोघं सांगंनात, ते मला पायजे. शहरातल्या लॅबला त्यो मोबाइल धाडलाय, पण तिकडनं यायला सहा महिनं. तवर साक्षीदार फिरत्यात. दिगूशेठसारखा माणूस तिथं हुता म्हणून निदान ही फीत तरी हाताला लागली. पण तिसरा तोंड वळवतोय नेमकी तवाच लई हललीय."

"भीतीनं हात हलला म्हणाले ते."

"हलणारच. माणूस मारत्यात समोर. तुम्ही तेवढं हलणं काढा. चार वाजता येतो मी."

मी उठले आणि टेबलाचा आधार घेतला. त्यांच्या ते लक्षात आलं. "कंबर धरलीय काय, वहिनी?"

"मोरीत पाय घसरला."

त्यांनी मान हलवली आणि टोपी घालून गेले. अंजाक्काची गाडी पाचची होती. ती बाहेर पायरीवर, सावलीला जाऊन बसली. शटर ओढायची आकड्याची लोखंडी सळई तिथेच कोपऱ्यात उभी असायची, तिच्याशेजारी तिने आपलं गाठोडं ठेवलं.

दिगूशेठ म्हणजे माझा नवरा, दिगंबर शेटे. आज मी त्याला अरेतुरे करते. त्या दुपारपर्यंत अहो-जाहो करत होते. द्राक्षांच्या पट्ट्यातल्या आमच्या बाजाराच्या गावात आमचा फोटो आणि व्हिडिओचा स्टुडिओ होता. तो शूटिंग करायचा, मी कॉम्प्युटरवर बसून मिक्सिंग करायचे. कॅमेरा त्याचा, कात्री माझी, असं आम्ही गमतीने म्हणायचो. त्याला कॉम्प्युटर चालू करून पत्ते खेळण्यापलीकडे काही येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. बसून करायचं काम ते बाईचं, असं त्याचं साधं गणित होतं.

पण हात. साऱ्या तालुक्यात दिगंबरच्या हाताचं नाव होतं. तिवई न लावता तो तासभर खांद्यावर कॅमेरा धरायचा आणि चित्र जागचं हलायचं नाही. घोड्यावरचा नवरा, नाचणारी पोरं, बँजोवाल्यांची ढकलाढकली, हा मधे खांबासारखा उभा. बोलायचा नाही. श्वाससुद्धा फितीत ऐकू यायचा नाही. लोक म्हणायचे, दिगूशेठ रागावलेला कुणी बघितला नाही. ते खरं होतं. तो रागावला की आणखी शांत व्हायचा.

त्या दिवशी शेडवाल्याने त्याला बेदाण्याच्या खोक्यांवर छापायचे फोटो काढायला बोलावलं होतं. तिथे मारामारी सुरू झाली आणि आपण पुरावा असावा म्हणून मोबाइल काढला, असं त्याने पोलिसांना सांगितलं. भैरू मेल्यावर धरलेल्यांपैकी एकाने फोटोग्राफरचं नाव घेतलं आणि पोलीस दारात आले, तेव्हा याने न मागता मोबाइल काढून दिला. पेपरात त्याचा फोटो आला. ग्रामपंचायतीने शाल आणि नारळ दिला. 'धाडसी छायाचित्रकार' असं कात्रण त्याने स्वतःच्या हाताने फ्रेम करून काउंटरवर लावलं होतं. त्या सकाळी तो पंचायत समितीच्या कार्यक्रमाला गेला होता. जाताना मला म्हणाला होता, "हलणं काढ, कडा काप, तिघांची तोंडं मोठी करून दे. जास्त शहाणपणा करू नकोस."

मी कामाला लागले.

हलणारी फीत स्थिर कशी करतात ते सांगते, अवघड नाही. चित्रातली एक जागा धरायची, जी खऱ्या जगात जागची हलत नाही. माणूस नाही, झाडाची फांदी नाही. खांब, दगड, भिंतीवरचं अक्षर, असं काहीतरी. मी शेडच्या लाकडी खांबावरच्या एका खिळ्याचं डोकं धरलं. त्याच्याभोवती छोटी चौकोनी खूण ठेवायची आणि कॉम्प्युटरला सांगायचं, याच्या मागे जा. तो सेकंदातली पंचवीस-तीस चित्रं एकेक करून बघतो आणि दर वेळी तो खिळा किती सरकला ते लिहून ठेवतो. मग तितकंच चित्र उलटं सरकवायचं. खिळा जागेवर बसतो, त्याच्याबरोबर सगळी शेड जागेवर बसते. हलते ती फक्त चित्राची चौकट. ती काळ्या पडद्यावर इकडे-तिकडे नाचत राहते. ते नाचणं वाईट दिसतं म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा कापून टाकायच्या. गिऱ्हाइकाला वाटतं, किती छान शूटिंग केलंय.

कडा कापायच्या आधी मी ते एकदा चालवून बघितलं.

खिळा थांबला, खांब थांबला आणि मधे मधे धुरळ्यासारखं होणारं चित्र एकदम स्वच्छ झालं. तीन माणसं छातीपासून वर दिसत होती. भैरू दिसत नव्हता. तो त्यांच्या पायाशी पडला होता, चौकटीच्या खाली. मोबाइल आडवा धरला होता आणि भैरू पडल्यावरही त्याचा रोख वरच, तोंडांवर राहिला होता. तिसऱ्याचं तोंडही आता ओळखू येत होतं. तो शेडवाल्याचा पुतण्या होता, संभा. फौजदारांना हवं ते मिळालं होतं. चार वाजायला तीन तास होते. मी तिथे थांबले असते, तर आज स्टुडिओ असता, कात्रण असतं, आणि संभा जन्मठेपेत असता.

पण आवाज चालू होता. कर्र, आणि धप्.

मी चित्र थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा चालवलं. पहिल्या 'धप्'च्या वेळी तिघांच्याही काठ्या वर होत्या. संभाची खांद्यावर, दुसऱ्याची डोक्यावर उचललेली, आणि उरलेला तर काठी बगलेत धरून तंबाखू मळत होता. एकही काठी खाली येत नव्हती आणि खालून 'धप्' आलं आणि भैरूच्या तोंडून हवा निघाल्याचा आवाज आला. मूळ फितीत हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण नेमक्या त्याच क्षणाला चित्र हलून पुसट व्हायचं. चारही वेळा तसंच. चौथ्यानंतर "न्हाई मालक" नव्हतं.

मग मी कॉम्प्युटरने लिहून ठेवलेलं हलणं उघडलं. तो ते रेघेत काढून दाखवतो. भ्यालेल्या माणसाचा हात कसा हलतो, ते मी शेकडो फितींत बघितलं आहे. नवरीचा भाऊ मोबाइल धरतो, कुत्रं अंगावर येतं, कुणी पडतं. रेघ गवतासारखी बारीक बारीक थरथरते, थांबतच नाही. ही रेघ तशी नव्हती. ही रेघ सपाट होती. दहा-बारा सेकंद एकदम सपाट. मग जराशी वर, आणि वरून एकदम खाली दणका. मग पुन्हा सपाट. असे चार.

एवढा सपाट हात तालुक्यात एकाच माणसाचा होता, आणि तो भ्यालेला नव्हता.

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला पहिल्यांदा वाटलं की हे खोटं निघावं. नवऱ्यासाठी नाही. माझ्यासाठी. असल्या माणसाच्या घरी मी बारा वर्षं भाकऱ्या थापल्या, हे मला खरं असायला नको होतं. म्हणून मी पडताळा घ्यायचा ठरवला.

स्टुडिओत फोटोसाठी ठेवलेली गादी आणि लोड होता, साखरपुड्याच्या जोडप्यांना बसवायला. मी लोड ओढून भिंतीशी आडवा टाकला. मोबाइल छातीशी आडवा धरला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याचं शूटिंग सुरू केलं. आधी मुद्दाम हात थरथरवला. मग एक पाऊल मागे सरकले, मग दचकल्यासारखं केलं. कॉम्प्युटरवर टाकून बघितलं. गवत. मग पायात चप्पल घातली आणि लोडावर लाथ मारली. रेघ आडवी हलली, खाली दणका नाही. लाथ नव्हती ती. मग मी पाय गुडघ्यापर्यंत उचलला आणि टाच लोडावर आदळली. कंबरेत कळ गेली. मी पुन्हा उचलली, आणखी जोरात आदळली. तिसऱ्यांदा मी कुणावर आदळत होते ते मला कळलं, आणि चौथ्यांदा मी थांबू शकले असते पण थांबले नाही. लोड मधोमध दबला होता. त्यावर माझ्या टाचेचा मातकट ठसा उमटला होता.

कॉम्प्युटरवर टाकलं. जराशी वर, मग एकदम खाली दणका. दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या तर फरक एवढाच, की त्याची रेघ मधल्या वेळात माझ्यापेक्षा सपाट होती.

मी खुर्चीत बसून राहिले. बाहेर अंजाक्का गाठोड्याला टेकून बसली होती. तिची सावली दारातून आत आली होती. मी दोन गोष्टी केल्या. आधी कडा कापून स्वच्छ फीत तयार केली, तिघांची तोंडं मोठी करून, सांगितली होती तशी. मग दुसरी फीत तयार केली, कडा न कापता. शेड स्थिर, खिळा स्थिर, आणि चौकट नाचतेय. त्याच्याखाली रेघ जोडली आणि माझी लोडावरची रेघही जोडली. पहिली सीडी कव्हरात घातली. दुसरी तशीच हातात धरून बसले. यातली कुठली द्यायची ते मला माहीत नव्हतं. माहीत होतं असं म्हणणं सोपं आहे, पण नव्हतं.

तीनच्या सुमाराला दिगंबर आला. पायरीवरच्या अंजाक्काकडे त्याने बघितलं नाही. आत येऊन त्याने कॅमेऱ्याची बॅग हळूच टेबलावर ठेवली.

"झालं?"

"झालं."

"तिसरा दिसतोय?"

"दिसतोय. संभा आहे."

"झकास." तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. पडद्यावर दुसरी फीत चालू होती. ती बंद करायला मला दोन सेकंद लागले असते. मी केली नाही. "ही चौकट का नाचतीया? कडा काप म्हटलं हुतं न्हवं?"

"ती चौकट म्हणजे तुम्ही आहात," मी म्हणाले.

 फीत चालत राहिली. चौकट जराशी उचलली आणि खाली आदळली. कर्र, धप्. खालची रेघ त्याच ठिकाणी आदळली.

"मी हलणं काढ म्हटलं हुतं," तो म्हणाला.

"काढायच्या आधी मोजावं लागतं ते. काढलं तरी मोजलेलं तसंच राहतं."

हे त्याला खरंच माहीत नव्हतं. जन्मभर कॅमेरा धरलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं. बसून करायच्या कामात त्याने कधी डोकं घातलं नाही, म्हणून स्वतःच्या हातांनी ती फीत पोलिसांना दिली आणि स्वतःच्या तोंडाने मला म्हणाला, हलणं काढ. त्याच्या लेखी पुसलं की गेलं. त्याने लोडाकडे बघितलं. त्यावरचा ठसा बघितला. मग पुन्हा पडद्याकडे.

"पुसून टाक."

"का मारलंत त्याला?"

"कबुलीचं शूटिंग करून दे म्हणाला शेडवाला. मी मोबाइल धरून उभा. आणि ह्यो बोलतोय का? न्हाई मालक, न्हाई मालक. कबूल हाय म्हणायला काय जात हुतं? नुसता माझ्याकडं बघत पडला हुता." त्याने खांदे उडवले. "मरंल असं कुणाला वाटलं हुतं? पुसून टाक, मंदा. पहिली सीडी दे. संभा हाय, शेडवाला हाय, त्यांचं ते बघून घेतील."

"आणि अंजाक्का?"

"तिला काय कळतंय?"

"तिला आवाज कळतो," मी म्हणाले. "मला म्हणाली, हे पत्र्याचं नाही."

तो दाराकडे गेला आणि हाताने शटर खाली ओढलं. सावकाश, आवाज न करता. मग वळला. आत अंधूक झालं. पडद्याचा उजेड तेवढा होता. तो माझ्याकडे चालत आला आणि त्याच्या पायातली कोल्हापुरी वहाण वाजली. कर्र.

तो पत्र्याचा आवाज नव्हता, हे मला सकाळी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं होतं. तो आवाज मी घरातल्या कुठल्याही खोलीतून ओळखला असता. कर्र झालं की मी पोट आत घ्यायचे, कोपर बरगडीवर आणायचे. मोरीत माझा पाय कधीच घसरला नव्हता. त्या रेघेतले चार दणके कॉम्प्युटरने मोजायच्या आधी माझ्या अंगाने मोजले होते. बारा वर्षं. लोडाचा पडताळा मी कशाला घेतला, देव जाणे. एखाद्या परक्या माणसाला पटवायचं होतं, आणि तो परका माणूस मीच होते.

त्याने माझे केस धरून मला खुर्चीवरून खाली ओढलं. खुर्ची उलटी झाली. पडताना टेबलाचा कोपरा कपाळाला लागला आणि डोळ्यात रक्त आलं. सीडी हातातून सुटली नाही. त्याने पाय उचलला. टाच माझ्या हातावर आली आणि दोन बोटं मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, मग दुखलं. सीडीचे दोन तुकडे झाले. दुसरी टाच बरगडीवर. तोंडातून हवा निघाली, आणि तो आवाज मी त्या सकाळी सहा वेळा ऐकला होता, भैरूच्या तोंडून. मी "नाही" म्हणाले. मी "अहो, नाही" म्हणाले. अशा वेळी माणूस काय म्हणतो त्याला काही अर्थ नसतो.

तिसरी टाच पडली आणि बाहेरून शटरवर थाप आली.

"बाई," अंजाक्काचा आवाज. "बाई, दार उघडा."

तो थांबला. वर बघितलं. मग शांतपणे चौथ्यांदा पाय उचलला.

शटर वर गेलं. कुलूप लावलेलं नव्हतं, आणि अंजाक्का पन्नास किलोची खोकी डोक्यावर वाहणारी बाई होती. दारात एकदम ऊन आलं. ती दारात उभी होती, एका हातात ती आकड्याची सळई. तिने माझ्याकडे बघितलं. नऊ दिवस तिने जे बघायचं टाळलं होतं, ते तिने आता बघितलं. मग ती मला म्हणाली, "बाई, ह्योच आवाज. ह्योच का त्यो?"

मी तोंडातलं रक्त थुंकलं. तिच्या हातात सळई होती. मी हो म्हटलं तर काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं.

"हो," मी म्हणाले. "हाच."

दिगंबर म्हणाला, "ए, चल, बाहीर हो." एवढंच बोलला. पहिली सळई त्याच्या खांद्यावर बसली. दुसरी त्याने अडवायला उजवा हात वर केला, आणि ती मनगटावर बसली. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज आला. तो ओरडला. बारा वर्षांत मी त्याला ओरडताना ऐकलं नव्हतं. तो खाली बसला, मनगट पोटाशी धरून, आणि तिसरी त्याच मनगटाच्या वर, कोपराजवळ बसली. चौथ्या वेळी तिने सळई डोक्यावर उचलली. खाली त्याचं टाळकं होतं. ती तशीच उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, बहुतेक ती मोजत होती. मग तिने चौथी त्याच्या नडगीवर मारली, सगळ्यात जोरात, आणि सळई बाजूला टेकवून ठेवली. जिथून उचलली होती तिथेच, कोपऱ्यात.

मग पदराने तिने माझं कपाळ पुसलं. ती रडत नव्हती. मीच रडत होते.

पुढचं थोडक्यात सांगते. मोडलेली सीडी काही एकुलती एक नव्हती. फीत कॉम्प्युटरमधे होतीच. शहरातल्या लॅबने वर्षभराने तेच सांगितलं, जास्त अवघड शब्दांत. संभा फुटला आणि दोघं त्याच्यामागून फुटले. तिघांनाही शिक्षा झाल्या, दिगंबरला सगळ्यांत मोठी. कोर्टात वकिलाने मला तीन तास उलटसुलट विचारलं. भीतीनेही हात हलतो की नाही? हलतो. मग हे टाच मारणंच कशावरून? मी उठून उभी राहिले आणि ती रेघ माझ्या अंगाला कशी ओळखीची आहे ते सांगितलं, सगळं, पहिल्या वर्षापासून.  नंतर दिगंबरला जबाबावर सही करायला कागद दिला, तेव्हा त्याचा हात थरथरत होता. मनगट नीट जुळलं नव्हतं. शिपायाला कागद धरून ठेवावा लागला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी चार वाजता फौजदार मुल्ला पायरी चढून आत आले, तेव्हा दिगंबर भिंतीशी बसला होता, मी उलट्या खुर्चीला टेकून, आणि अंजाक्का दारात, गाठोडं मांडीवर घेऊन.

"सायेब, ह्या बायांनी मला मारलं," दिगंबर म्हणाला. "हात मोडला माझा. लिहून घ्या."

फौजदार माझ्याकडे वळले.  मोडक्या बोटांनी माऊस धरता येईना, म्हणून मी डाव्या हाताने फीत चालू केली. त्यांनी ती उभ्यानेच बघितली. खिळा स्थिर, खांब स्थिर, तिघांच्या काठ्या वर, आणि चौकट खाली आदळतेय. कर्र, धप्. त्यांनी हाताने खूण केली, पुन्हा लाव. तीनदा बघितली. तिसऱ्या वेळी ते पडद्याकडे बघत नव्हते, दिगंबरच्या पायांतल्या वहाणांकडे बघत होते. मग लोडावरचा ठसा, माझं कपाळ, माझा हात, असं एकेक बघत गेले. कोपऱ्यातली सळई बघितली. अंजाक्काकडे बघितलं. तिने नजर खाली घेतली नाही.

ते खुर्ची सरळ करून बसले आणि वही काढली.

"वहिनी," ते म्हणाले, "ह्यांचा हात कसा मोडला?"

"मोरीत पाय घसरला त्यांचा," मी म्हणाले.

फौजदारांनी मान वर करून स्टुडिओभर नजर फिरवली. आमच्या स्टुडिओत मोरी नव्हती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मी सांगितलं तसं लिहून घेतलं.